पुण्याचा आकडा, दिल्लीची हवा

विजेवर चालणाऱ्या कौटुंबिक एसयूव्हीविषयी दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधील कुटुंब जेव्हा गांभीर्याने विचार करू लागते, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकाच आकड्याभोवती फिरतो: बॅटरी पूर्ण चार्ज केली की गाडी किती किलोमीटर जाईल. या अंतराला बोलीत रेंज म्हणतात आणि मराठीत पल्ला हा शब्द त्यासाठी पुरेसा आहे. महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही गाडी २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सादर झाली, तेव्हा तिच्या ७९ किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीसाठी ६५६ किलोमीटरांचा पल्ला जाहीर झाला. टाटांची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये आली, तेव्हा तिच्या ७५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसाठी ६२७ किलोमीटर सांगितले गेले. किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलावरचे एक युनिट, त्यामुळे या गाड्या एका युनिटमध्ये आठ किलोमीटरांहून थोडे अधिक धावतात असा या आकड्यांचा अर्थ होतो. आकडे खोटे नाहीत. परंतु पल्ला हा गाडीच्या अंगचा, तिच्या लांबी-रुंदीसारखा स्थिर गुण आहे असे जे त्यांच्यावरून वाटते ते खरे नाही, कारण पल्ला हा गाडी, रस्ता, वेग, ऋतू आणि चालकाचे घर यांच्यातल्या संबंधातून ठरतो, आणि दिल्लीइतका तो संबंध स्पष्टपणे दाखवणारे दुसरे महानगर देशात क्वचितच सापडेल.

या आकड्याचा जन्म समजून घेतला पाहिजे. भारतात गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित संस्था पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवर आहे: १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही. ती फिरत्या रुळांवर उभी केली जाते, आणि रुळांना दिलेल्या विरोधातून रस्ता व वारा यांचा भास निर्माण केला जातो. चालकाने कोणत्या सेकंदाला कोणता वेग ठेवायचा हे एका ठरलेल्या आलेखाने बांधलेले असते. या आलेखाला सुधारित भारतीय चालनचक्र असे म्हणता येईल; ते जुन्या युरोपीय चक्रावरून घेतले आहे, मात्र युरोपीय चक्रात वेग ताशी १२० किलोमीटरांपर्यंत चढत असे, तर भारतीय चक्रात तो ९० वर थांबवलेला आहे. एका फेरीला ११८० सेकंद लागतात, त्यांतले पहिले ७८० सेकंद शहरी चालनाचे आणि उरलेले ४०० शहराबाहेरच्या चालनाचे असतात. वेग हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो, खोलीचे तापमान सुसह्य असते आणि गाडीतील एसी बंद असतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी अशी सारखी परिस्थिती आवश्यकच असते, आणि त्या मर्यादित हेतूसाठी ही चाचणी उत्तम काम करते. मे महिन्यात आश्रम चौकात अडकलेल्या कुटुंबाला काय मिळेल हे सांगण्यासाठी ती रचलेलीच नाही.

चाचणी आणि रस्ता यांच्यातला हा भेद केवळ अभ्यासकांच्या चर्चेपुरता राहिला नाही. दिल्लीत त्यावरून सरकार आणि टाटा कंपनी न्यायालयात उभे राहिले. दिल्ली सरकारने ७ ऑगस्ट २०२० रोजी आपले विद्युत वाहन धोरण अधिसूचित केले आणि पहिल्या एक हजार विद्युत मोटारींना बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे दहा हजार रुपये, कमाल दीड लाख रुपये, एवढे अनुदान देऊ केले. त्या वेळी या वर्गातील सर्वाधिक परिचित गाडी टाटांची नेक्सॉन ईव्ही होती. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि चाचणीतील पल्ला ३१२ किलोमीटरांचा. प्रत्यक्षात तेवढा पल्ला मिळत नाही अशा तक्रारी परिवहन विभागाकडे गेल्या, आणि मार्च २०२१ च्या पहिल्या दिवशी तेव्हाचे परिवहनमंत्री कैलाश गहलोत यांनी, तक्रारी तपासणाऱ्या समितीचा अंतिम अहवाल येईपर्यंत या मॉडेलचे अनुदान स्थगित केल्याचे जाहीर केले. चाचणी प्रमाणित परिस्थितीत झाली आहे आणि रस्त्यावरचा पल्ला एसीचा वापर, चालवण्याची रीत व प्रत्यक्ष परिस्थिती यांवर अवलंबून राहतो, ही कंपनीची भूमिका होती. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या आदेशाला स्थगिती दिली.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी सुसंगत होते, आणि म्हणूनच तो वाद महत्त्वाचा आहे. चौदा लाखांच्या आसपास किमतीची गाडी घेणाऱ्या माणसाने ३१२ हा आकडा वचन म्हणून वाचला, तर त्याला दोष देता येत नाही, कारण जाहिरातीत तो वचनासारखाच छापलेला असतो. आणि कायद्याने ठरवून दिलेली चाचणी देऊन आलेला आकडा छापणाऱ्या कंपनीलाही फसवणुकीचा दोष देता येत नाही. दोष होता तो या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे दिल्लीच्या उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी वेगळा, जबाबदारीने मोजलेला आकडा असायला हवा होता. नॉर्वेतील मोटारचालकांची संघटना दर हिवाळ्यात अनेक विद्युत गाड्या एकाच मार्गावर, बॅटरी संपून गाडी थांबेपर्यंत चालवते, आणि अधिकृत पल्ल्यापेक्षा कोणती गाडी किती टक्के मागे पडली ते नावानिशी प्रसिद्ध करते. त्या देशात नव्या मोटारींपैकी दहांतल्या नऊहून अधिक विद्युत असतात, आणि ग्राहकांच्या विश्वासाला अशा उघड मोजणीचा आधार आहे. दिल्लीत अशीच चाचणी मेच्या अखेरीस आणि जानेवारीच्या धुक्यात होणे ही येथील ग्राहकाची रास्त अपेक्षा आहे.

टाटा कंपनीने २०२४ मध्ये या दिशेने एक पाऊल टाकले. अधिकृत आकड्याच्या शेजारी ती आता सी-७५ नावाचा दुसरा आकडा देते. चार ग्राहकांपैकी तिघांना प्रत्यक्षात जेवढा पल्ला मिळेल असा कंपनीचा अंदाज आहे, तो हा आकडा. हॅरियर ईव्हीच्या बाबतीत ६२७ च्या शेजारी ४८० ते ५०५ असे लिहिलेले असते. या पद्धतीचे मोल असे की चौथ्या ग्राहकाला याहून कमी मिळू शकते हे ती न लपवता मान्य करते. दिल्लीचे कुटुंब वर्षातले काही महिने त्या चौथ्या ग्राहकाच्या जागी असते, आणि ते का, हे थोड्या हिशेबाने उलगडते.

पेट्रोल गाडीच्या सवयीतून आलेल्या माणसाला प्रथम एक उलटापालट स्वीकारावी लागते. पेट्रोल गाडी शहरात अधिक इंधन खाते आणि महामार्गावर कमी. विद्युत गाडीचे नेमके उलट असते. सिग्नलला उभी असताना तिची मोटर काहीच खात नाही, आणि वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होऊन चाकांच्या गतीतून वीज बनवते व ती बॅटरीत परत पाठवते. या क्रियेला पुनर्जनन म्हणतात आणि चालकांच्या बोलण्यात ते ‘रीजन’ असते. या न्यायाने रिंग रोडवरची कोंडी विद्युत गाडीला मानवायला हवी, आणि फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस ती खरोखरच मानवते. मे-जूनमध्ये मात्र एसी हा हिशेबातला मोठा घटक होतो, कारण एसीचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो, तो वेळेवर अवलंबून असतो. तापलेल्या दुपारी केबिन आणि बॅटरी दोन्ही थंड ठेवायला सरासरी दीड किलोवॅट लागतात असे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने शंभर किलोमीटर जाताना त्यावर दीड युनिट खर्च होते. तेच शंभर किलोमीटर शहरात ताशी २० च्या सरासरीने कापायला पाच तास लागतात आणि खर्च साडेसात युनिटांवर जातो. गाडी हलवण्यासाठी शहरात शंभर किलोमीटरला तेरा युनिटे पुरत असतील, तर एकूण गरज साडेवीसवर जाते, आणि कागदावर सहाशेहून अधिक किलोमीटर जाणारी ७९ युनिटांची बॅटरी चारशेच्याही आत संपते. गाडी तीच, चालक तोच, रस्ताही तोच. बदलला तो फक्त महिना.

हिवाळ्याचा हिशेब निराळ्या वाटेने जातो. दिल्लीचा पारा जानेवारीत तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. ही थंडी बॅटरीला हतबल करण्याइतकी नाही, परंतु बॅटरीच्या थंड पेशींच्या आत आयनांची हालचाल मंदावते, सकाळच्या पहिल्या काही किलोमीटरांत पुनर्जनन कमी होते, आणि केबिन उबदार करण्यासाठी लागणारी उष्णता, जी पेट्रोल इंजिनातून फुकट मिळत असे, ती इथे बॅटरीतूनच काढावी लागते. या गाड्यांत आता मोठ्या प्रमाणावर लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाच्या बॅटऱ्या असतात. त्या दीर्घायुषी आणि आग लागण्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित, मात्र थंडीला अधिक हळव्या. शिवाय थंड हवा दाट असते. पाच अंशांची हवा पंचेचाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे चौदा टक्के जड भरते, त्यामुळे महामार्गावर गाडीला होणारा वाऱ्याचा विरोधही तेवढाच वाढतो. यमुना एक्सप्रेसवेवर धुक्याच्या दोन महिन्यांत मोटारींची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणली जाते, आणि जिवाच्या काळजीने घातलेले हे बंधन पल्ल्यालाही आधार देऊन जाते.

वेगाचा परिणामही ऋतूच्या परिणामाइतकाच मोठा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास तो सव्वादोन पटींनी वाढतो. उंच, रुंद आणि दोन टनांहून जड अशा एसयूव्हीचा ढोबळ हिशेब मांडला, तर ८० च्या वेगाला शंभर किलोमीटरमागे सुमारे १५ आणि १२० च्या वेगाला सुमारे २४ युनिटे लागतात. पहिल्या वेगाने ७९ युनिटांत सव्वापाचशे किलोमीटर होतात, दुसऱ्याने सव्वातीनशेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये खुल्या झालेल्या सोहना ते दौसा या दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाच्या टप्प्यावर १२० ची मर्यादा आहे. चाचणीतले चक्र ९० वर थांबते, म्हणजे नव्या रस्त्यांनी कायद्याने मोकळी केलेली गती जुन्या चाचणीच्या नजरेबाहेरच राहिली आहे. सुट्टीत मुलाबाळांसह महाराष्ट्राकडे निघणाऱ्या दिल्लीतील मराठी कुटुंबाने या रस्त्यावर १२० ऐवजी ९० ची चाल धरली, तर वाटेतला चार्जिंगचा एखादा थांबा टळू शकतो, आणि वेगाने वाचवलेला वेळ त्याच थांब्यात गमवायचा नसेल, तर ही चाल शहाणपणाची ठरते.

थांबा किती वेळाचा असेल हे सांगतानाही असाच एक सुखद आकडा पुढे केला जातो. एक्सईव्ही ९ईची मोठी बॅटरी १७५ किलोवॅटच्या चार्जरवर वीस मिनिटांत २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते. ८० हीच सीमा धरण्याचे कारण रासायनिक आहे: बॅटरी भरत आली की लिथियमच्या आयनांना शिरायला जागा कमी उरते, आणि त्यांना घाईने ढकलल्यास ते आत न शिरता धातूच्या थराच्या रूपाने बाहेर साचू लागतात, म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःच प्रवाह आवरते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना फार वेळ लागतो. परंतु १७५ किलोवॅट देणारा चार्जर वाटेवर असला पाहिजे. ६० किलोवॅटच्या चार्जरवर तेवढ्याच कामाला पाऊण तासाहून अधिक वेळ जातो आणि ३० किलोवॅटच्या चार्जरवर दीड तासाहून अधिक. एका यंत्राला गाडीत खोचायच्या दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर शक्ती दोघांत वाटली जाते. दिल्ली-चंदीगड मार्गावर कर्नालच्या कर्ण तलावापाशी २०२१ मध्ये चार्जिंग केंद्राचे उद्घाटन झाले, पुढच्या वर्षी गुरुग्रामच्या सेक्टर ५२ मध्ये शंभर चार्जरांचे केंद्र उभे राहिले, मुरथलच्या ढाब्यांच्या परिसरातही चार्जर आले. प्रश्न आता चार्जर आहे का हा उरलेला नाही, तो कोणत्या ताकदीचा आहे, चालू आहे का आणि आपल्या पुढे किती जण आहेत हा आहे.

दिल्लीकरांच्या आवडीच्या डोंगरवाटांचा हिशेब वेगळाच आणि मनोरम आहे. मसुरी दिल्लीपेक्षा सुमारे १८०० मीटर उंच आहे. माणसे आणि सामान धरून अडीच टन भरणारी गाडी तेवढी वर चढवायला, इतर सर्व खर्च बाजूला ठेवून, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बारा युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. पेट्रोल गाडीने हीच चढण चढली की ती ऊर्जा उतरताना ब्रेकच्या उष्णतेत कायमची जाते. विद्युत गाडी तिचा मोठा भाग उतरताना परत मिळवते. अट एवढीच की उतरताना बॅटरीत जागा असली पाहिजे. म्हणून मसुरीच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून निघणे चुकीचे, कारण भरलेल्या बॅटरीला डोंगराने परत केलेली वीज घेता येत नाही आणि उताराचा सारा भार साध्या ब्रेकवर पडतो.

कामगिरीविषयी थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे. एक्सईव्ही ९ईची २१० किलोवॅटची मोटर, ३८० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, आणि शून्यावरून शंभरच्या वेगापर्यंत सात सेकंदांच्या आत झेप, हे सारे अभियांत्रिकीचे यश आहे आणि चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीविषयी त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु विद्युत मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळत असल्याने ही झेप आवाज न करता, पूर्वसूचना न देता येते, आणि ज्या रस्त्यांवर पादचारी, सायकली, ई-रिक्षा आणि हातगाड्या एकत्र चालतात तिथे एवढी शक्ती कुटुंबाच्या कोणत्याही गरजेत बसत नाही. १९८३ च्या डिसेंबरात गुरुग्रामच्या कारखान्यातून निघालेली मारुती ८०० साडेसहाशे किलोंच्या आसपास भरत असे आणि तिने लाखो कुटुंबांचा संसार वाहिला; आजच्या मोठ्या एसयूव्हीची केवळ बॅटरीच अर्ध्या टनाच्या घरात जाते. हे वजन हवेशीही संबंधित आहे. दिल्ली सरकारसाठी आयआयटी कानपूरने २०१६ मध्ये सादर केलेल्या अभ्यासात पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांच्या उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा, ३८ टक्के, रस्त्यावरच्या धुळीचा आढळला आणि वाहनांचा २० टक्के. विद्युत गाडी धूर सोडत नाही, पण टायरची झीज करते, धूळ उडवते, आणि जितकी जड तितकी अधिक. तिची वीजही कुठून तरी येते: दिल्लीच्या हद्दीतले बदरपूरचे कोळसा वीजकेंद्र २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झाले, तरी दादरी आणि झज्जर येथील केंद्रे राजधानी परिक्षेत्रातच आहेत. देशातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तरी अशी गाडी तेवढ्याच पेट्रोल एसयूव्हीपेक्षा ठळकपणे स्वच्छ ठरते. पूर्ण निष्कलंक मात्र ठरत नाही.

तरीही या सर्व हिशेबांपेक्षा निर्णायक ठरते ती गोष्ट गाडीत नसून घरात असते, आणि ती म्हणजे प्लगपाशी उभी करता येईल अशी स्वतःची जागा. दिल्लीत विद्युत वाहनांसाठीच्या स्वतंत्र जोडणीचा दर अधिभार सोडून युनिटला साडेचार रुपये आहे. चार्जिंगमधली गळती धरली तरी किलोमीटरचा खर्च रुपयाच्या आसपास राहतो. सार्वजनिक वेगवान चार्जरवर १८ टक्के जीएसटीसह युनिट वीस रुपयांच्या पुढेमागे पडते, म्हणजे तोच किलोमीटर चार रुपयांहून महाग होतो. द्वारकेतील सहकारी गृहसंस्थेत ठरलेली पार्किंगची जागा असणारे कुटुंब आणि रोहिणीच्या किंवा मयूर विहारच्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) फ्लॅटखाली रस्त्याच्या कडेला जागा मिळेल तशी गाडी लावणारे कुटुंब यांनी एकच गाडी घेतली, तरी त्यांच्या वाट्याला दोन वेगळ्या गाड्या येतात. ज्या हवेसाठी हा सारा बदल करायचा आहे ती हवा दोघेही सारखीच श्वासात घेतात, म्हणून ही विषमता विशेष खटकते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमांत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद केली. जुन्या वसाहतींचा प्रश्न तिने सुटत नाही.

जुन्या गृहसंस्थांच्या समित्या बहुधा वीजभाराच्या भीतीने नकार देतात: दोनशे घरांनी प्रत्येकी सात किलोवॅटचा चार्जर बसवला, तर चौदाशे किलोवॅट कुठून आणायचे. ही भीती सर्व गाड्या एकाच वेळी, रिकाम्या होऊन, पूर्ण जोराने भरल्या जातील या कल्पनेवर उभी आहे. शहरातील कुटुंबाची गाडी दिवसाला चाळीस किलोमीटरांच्या आसपास धावते असे धरले, तर उन्हाळ्यातही तिला रोज सात-आठ युनिटे पुरतात, आणि तेवढी वीज गिझर चालतो त्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून अडीच तासांत भरते. दोनशे गाड्यांना मिळून रोज चौदाशे ते सोळाशे युनिटे लागतील, आणि ती रात्रीच्या आठ तासांत पाळीपाळीने दिली तर सरासरी भार १७५ ते २०० किलोवॅटचा होतो. महामार्गावर एकच एक्सईव्ही ९ई आपल्या वीस मिनिटांच्या घाईत जेवढी शक्ती ओढू शकते, जवळपास तेवढ्याच शक्तीत दोनशे कुटुंबांची गरज भागते. दिल्लीची विजेची मागणी १९ जून २०२४ च्या दुपारी ८,६५६ मेगावॅटच्या विक्रमी पातळीवर गेली होती आणि उन्हाळ्यात एसींमुळे ती मध्यरात्रीपर्यंतही चढीच राहते, म्हणून ही पाळी शक्य तेवढी रात्री एकनंतर लावणे ट्रान्सफॉर्मरला आणि वीज कंपनीला अधिक सोयीचे, आणि त्यासाठी लागते ती प्रत्येक जागेपाशी स्वतंत्र मीटर असलेली एक तार आणि भार वाटून देणारी एक सामायिक पेटी.